हिवाळ्यात मियाटा झोपवायची कशी?

नवा_मिशिगनकर
मंडळी, जूनमध्ये एकदाची हौस भागवली. २००१ ची माझदा मियाटा, लाल, कापडी टपाची. ऑफिसला दुसरी गाडी आहे, म्हणजे ही नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमध्येच. डेट्रॉईटजवळ राहतो, गॅरेजला हीटिंग नाही. साताऱ्याहून बाबा रोज फोनवर बजावतात, "सकाळी पाच मिनिटं चालू ठेव, नाहीतर इंजिन जाम होईल." त्यांनी स्कूटर अशीच वीस वर्षं चालवली. शेजारी म्हणतो, हातच लावू नको. कोणाचं ऐकू?

हिमवासी
शेजाऱ्याचं. बाबांना नमस्कार सांगा, पण त्यांची स्कूटर साताऱ्यात होती.

लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन, सायलेन्सर नीट तापले तर ते वाफ होऊन जातं. उणे पंधरात पाच मिनिटांत काय तापणार? पाणी सायलेन्सरमध्ये बसतं, थोडं ऑइलमध्ये उतरतं. वर स्टार्टरने खाल्लेली बॅटरीही तेवढ्यात भरून निघत नाही.

मी मिनियापोलिसला चौदा हिवाळे माझी मियाटा झोपवतोय. रस्त्यावर मीठ पडायच्या आत धुऊन कोरडी करतो, ऑइल बदलतो. शेवटच्या फेरीला टाकी काठोकाठ, त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल साठून खराब होऊ नये म्हणून घालायचं द्रव्य), आणि मग पंधरा मिनिटं चालवायची, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. इथल्या पेट्रोलमध्ये बहुतेक १० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं. बॅटरी तुमच्याही गाडीत डिकीत असेल. तिला मेंटेनर लावा, म्हणजे ती भरलेली ठेवणारा छोटा चार्जर. उतरलेली बॅटरी गोठते, भरलेली नाही. हँडब्रेक ओढू नका, पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा. टप वर करून ठेवा, घडी घालून ठेवलात तर घडीवरच फाटेल.

आणि उंदीर! याबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एप्रिलमध्ये गाडी सुरू केली तर दमच नाही. एअर फिल्टरचं झाकण उघडलं: आत माझ्याच सीटच्या फोमचं घरटं, आणि शेजारीण पक्ष्यांना टाकते त्या सूर्यफुलाच्या बिया. सोललेल्या, एका कोपऱ्यात टरफलं, एका कोपऱ्यात गर. माझ्या किचनपेक्षा व्यवस्थित. तेव्हापासून एक्झॉस्टच्या आणि हवेच्या तोंडात स्टील वूलचे बोळे कोंबतो आणि स्टीअरिंगला जुनी राखी बांधतो. राखी दिसली की आठवतं, आधी बोळे काढायचे.

गिअरवाली
टायर समर (फक्त उन्हाळ्यासाठीचे) असतील तर उणे सातच्या खाली गाडी ढकलूसुद्धा नका, रबराला तडे जातात. उभी करताना हवा थोडी जास्त भरा. इन्शुरन्स रद्द करू नका, स्टोरेज कव्हर (नुसत्या उभ्या गाडीचा विमा) मागा. गॅरेजवर झाड पडलं तरी नुकसान नुकसानच. (आमच्याकडे पडलं.)

हिमवासी
झाड! हे राहिलंच माझं. आणि एप्रिलमध्ये घाई नको, दोन चांगले पाऊस होऊन रस्त्यावरचं मीठ वाहून जाऊ दे.

नवा_मिशिगनकर
धन्यवाद! बाबांना पाण्याचं सांगितलं. पाच मिनिटं गप्प. मग म्हणाले, "बरं, मग निदान दसऱ्याला हार तरी घातलास ना?" घातला होता. झेंडूच्या पाकळ्या अजून बॉनेटच्या फटीत आहेत, धुताना काढेन.