शेंकर पद्धतीचा आलेख काढायला कोणतं सॉफ्टवेअर? (यमन)

ग्वाल्हेरकर
नमस्कार मंडळी. एम. ए.च्या प्रबंधासाठी यमनमधल्या एका छोट्या ख्यालाच्या स्थायीचा आलेख काढतेय. भातखंडे लिपीत स्थायी तयार आहे. आता ती हाइनरिख शेंकर या पाश्चात्त्य संगीताच्या विश्लेषकाच्या रीतीने पाच रेघांवर मांडायचीय: मुक्कामाचे स्वर पोकळ, एका आडव्या पट्टीने जोडलेले, मधले स्वर नुसते काळे ठिपके, दांडीशिवाय. वर्डमध्ये रेघा ओढून केलं, पण वर एक ओळ वाढवली की स्वर जोडणाऱ्या सगळ्या कमानी घसरतात. दोन रविवार त्यातच गेले. विकतचं सॉफ्टवेअर परवडणार नाही.

इंदूरकर
लिलिपाँड. फुकट आहे, आज्ञा टाइप करून लिहायचं. एकदा साचा बसला की पन्नास आलेख एकसारखे निघतात. मुदत जवळ आली असेल तर मात्र आत्ता त्याच्या नादी लागू नका.

बडोदेकर
ताई, म्यूझस्कोर घ्या, तेही फुकटच. खरी मेख पट्टीची आहे: हाफ नोटला (पोकळ गोळीच्या स्वराला) पट्टी लागतच नाही, एट्थ नोटला लागते. म्हणून मुक्कामाचे स्वर एट्थ नोटमध्ये लिहा आणि प्रॉपर्टीजमध्ये त्यांची फक्त गोळी हाफ नोटची करा. हे पहिल्या व्हॉइसमध्ये (त्याच रेघांवरच्या पहिल्या थरात), मधे विश्रांती ठेवून. पट्टी विश्रांतीवरूनही ओढता येते. मग विश्रांती निवडून व्ही दाबा, दिसेनाशी होते. मधले स्वर दुसऱ्या व्हॉइसमध्ये, 'स्टेमलेस' करून. सगळं एकाच लांब मेझरमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या खणात) बसवा. कमानीसाठी पहिला स्वर निवडा, कंट्रोल धरून शेवटचा निवडा, मग एस. शेवटी एसव्हीजी (चित्राची फाइल) काढून वर्डमध्ये एकच चित्र म्हणून लावा, काही घसरणार नाही.

एक कळकळीची विनंती. यमनमधला ग रे सा हा उतार शेंकरच्या ३-२-१ (सप्तकातल्या तिसऱ्या स्वरावरून पहिल्यावर उतरणं) सारखा दिसतो, म्हणून खाली त्याची बासची (खालच्या स्वरांची) ओळ काढायचा मोह होतो. ती काढू नका. त्याचा उतार हार्मनीवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या मेळावर, उभा आहे, आपल्याकडे खाली षड्ज अखंड वाजतोय. चिन्हं त्याची घेतली, सिद्धांत घेतला नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

ग्वाल्हेरकर
काल रात्री बसले आणि जमलं! बासची ओळ काढली होती, ती पुसली. फक्त 'प म॑ ग रे, नि रे सा' इथे अडलेय. ग पोकळ, सा पोकळ. पहिल्या रेचं काय करू?

बडोदेकर
गाऊन बघा. रेवर थांबून श्वास घेतलात तर पोकळ. तसेच नि रे साकडे उतरलात तर ठिपका.