गिरगावात नक्की कोण कोण राहून गेलंय? (टिळक-फाळके सोडून सांगा)

मुगभाटकर
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत 'गिरगावचे जुने रहिवासी' अशी चार पानं द्यायचीयत आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. आत्तापर्यंत लोकांनी दिलेली यादी बघून मलाच जांभई आली. टिळक, फाळके, नाना शंकरशेठ, पु.ल., संपलं. बरं सगळे मराठीच, जसं काय गिरगावात दुसरं कुणी राहिलंच नाही. अहो इथे गुजराती, पारशी, ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती), गोवेकर, पंजाबी सगळे भिंतीला भिंत लावून राहिलेत. हद्द मोठी धरा, चर्नी रोड, ठाकूरद्वार, खेतवाडी पासून गावदेवी, नाना चौकापर्यंत. फक्त खरंच मुक्काम केलेले लोक हवेत, एक भाषण ठोकून गेलेले नकोत.

जुनी_ट्राम
मग पहिले टिळकच काढा यादीतून 😀 केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो आणि १९०१ ला ते तिथे येऊन गेले हे खरंय, पण मुंबईत उतरायचे सरदारगृहात, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटजवळ, आणि गेले पण तिथेच. चौपाटीवर १९२० ला अंत्यसंस्कार झाले म्हणून लोकांना ते गिरगावकर वाटतात. फाळक्यांचं पण तेच. सिनेमा बघून डोक्यात किडा वळवळला तो गिरगावातल्या थिएटरात आणि स्वतःचा पहिला सिनेमा ३ मे १९१३ ला लागला तो सँडहर्स्ट रोडच्या कॉरोनेशनमध्ये, पण तो सिनेमा काढला दादरला. पु.ल. राहूद्या, जन्मच गावदेवीचा, १९१९.

तुम्हाला वेगळं नाव हवंय ना, मग मॅडम ब्लाव्हाट्स्की घ्या. थिऑसॉफिकल सोसायटीवाली रशियन बाई. ती आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ ला मुंबईत उतरले. तेव्हा त्यांचं आर्य समाजाशी गूळपीठ होतं, आणि आर्य समाज तरी कुठे सुरू झाला, १८७५ ला इथेच गिरगावात, एका पारशी डॉक्टरच्या बागेत! तर समाजाच्या एका पुढाऱ्याने या दोघांना आपल्याकडे उतरवून घेतलं, मोठं स्वागत केलं, आणि नंतर हातात बिल ठेवलं. भाडं, जेवण, घराची डागडुजी, स्वागत समारंभाच्या तीनशे खुर्च्यांचं भाडं, आणि 'लवकर या' म्हणून यानेच केलेल्या तारेचा खर्च सुद्धा. ऑल्कॉटने आठवणींत लिहून ठेवलंय हे. मग ते गिरगाव बॅक रोडला १०८ नंबरच्या घरात गेले, म्हणजे आत्ताचा व्ही.पी. रोड, आणि ऑक्टोबरपासून मासिक सुरू केलं. १८८२ च्या शेवटी मद्रासजवळ अड्यारला गेले ते गेलेच. स्मरणिकेत खुर्च्यांचा किस्सा टाकाच.

लाकडी_जिना
आमच्या खोताच्या वाडीला विसरू नका हो. खोतांनी जागा विकल्या आणि ईस्ट इंडियन लोकांनी घरं बांधली, लाकडी ओटी, बाहेरून जिना, दारात क्रॉस. आता टॉवर आले मधे मधे, पण गल्लीत शिरलं की अजून ओळखू येतं. फॅशन डिझायनर जेम्स फरेरा वाडीतलेच.

आणि सिनेमावाले बघा की! राजेश खन्ना ठाकूरद्वारचा आणि जितेंद्र गिरगावातल्या चाळीतला, दोघं अमृतसरकडचे पंजाबी आणि शाळा एकच, सेंट सेबॅस्टियन गोवन हायस्कूल. तेव्हा नावं जतिन आणि रवी. जितेंद्रचे वडील सिनेमावाल्यांना खोटे दागिने पुरवायचे त्यातूनच तो शांतारामबापूंकडे पोचला. म्हणजे पंजाब्याचं पोर, गोवेकरांची शाळा, मराठी चाळ, हेच तर तुमचं गिरगाव. दुर्गा खोटे पण लहानपणी कांदेवाडीत, माहेरच्या, म्हणजे लाड आडनावाच्या भल्यामोठ्या एकत्र कुटुंबात.

षड्जपंचम
गाण्याकडे कुणीच वळलं नाही?? विष्णू दिगंबर पलुस्करांनी लाहोरचं गांधर्व महाविद्यालय १९०८ ला मुंबईत आणलं, सँडहर्स्ट रोडला. त्यांचे शिष्य प्रो. देवधर, त्यांची शाळा ऑपेरा हाऊसजवळ, १९२५ ची. तिथे बेळगावकडचं एक अकरा-बारा वर्षांचं कानडी पोर शिकायला आलं, शिवपुत्र कोमकली, म्हणजे आपले कुमार गंधर्व. पुढे देवासला जाईपर्यंत मुंबईच. माझं मत विचाराल तर एकट्या देवधरांच्या शाळेवर एक पान द्या, बाकीचे नट वगैरे तीन ओळींत आटपा. लता मंगेशकर पण सुरुवातीला घरच्यांना घेऊन नाना चौकात राहायच्या.

मुगभाटकर
खुर्च्यांचं बिल 😂 ते तर आलंच. पण बायका अजून कमी पडतायत. आणि मणिभवन धरायचं का? गांधीजी रहिवासी म्हणावे की पाहुणे?

लॅबर्नम_वाला
पाहुणेच, घर रेवाशंकर झवेरींचं. पण १९१७ ते १९३४ एवढी वर्षं येऊन जाऊन राहणाऱ्याला आमच्याकडे पाहुणा म्हणत नाहीत. चरख्याचं वेड लागलं त्या दिवसांतली एक गोष्ट छापा. पेळूसाठी, म्हणजे सूत कातायच्या वळ्यांसाठी, कापूस पिंजून हवा होता आणि घराखालून रोज एक पिंजारी जायचा, गाद्यांचा कापूस पिंजणारा. त्याला विचारलं तर तो तयार झाला पण भाव सांगितला चढा, आणि गांधींनी मुकाट्याने दिला. घासाघीस नाही! ४ जानेवारी १९३२ ला पहाटे अटक झाली ती पण इथूनच, गच्चीवर झोपायचे तेव्हा.

बायकांमध्ये पंडिता रमाबाई पहिल्या घ्या. त्यांची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, पुण्याचं म्हणून सगळे सांगतात पण मार्च १८८९ ला सुरू झालं चौपाटीला, पुण्याला गेलं दुसऱ्या वर्षी. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, त्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. उषा मेहतांचा चले जाव चळवळीतला गुप्त काँग्रेस रेडिओ पण ऑगस्ट १९४२ मध्ये चौपाटीच्याच एका इमारतीतून सुरू झाला.

जुनी_ट्राम
गावसकर टाकू नका बरं का, चिखलवाडी ताडदेवात मोडते.

लाकडी_जिना
ट्रामवाले, ताडदेव ते नाना चौक चालत किती लागतं? टाका हो गावसकर, तेवढी पोरंटोरं तरी वाचतील स्मरणिका.

मुगभाटकर
गावसकर आत, टिळक-फाळके एका चौकटीत 'येऊन गेलेले' म्हणून. रमाबाई पहिल्या पानावर. चारची सहा पानं मागून घेतो खजिनदाराकडून, बोंबलेल पण देईल. कुणाकडे कॉरोनेशन थिएटरचा किंवा देवधरांच्या शाळेचा जुना फोटो असेल तर मेसेज करा, मोबाईलवर काढलेला फोटोचा फोटो चालणार नाही, छापखानेवाला परत पाठवतो.