गेटच्या अ‍ॅपला अख्खं आधार द्यावंच लागतं का?

कोथरूडला भाड्याने राहतो. सोसायटीने गेटसाठी नवीन अ‍ॅप आणलंय. त्यात पूर्ण आधारकार्ड आणि चेहऱ्याचा फोटो टाकल्याशिवाय पाहुण्यांना आत सोडत नाहीत. भाडेकरार रजिस्टर आहे, पोलीस पडताळणीही झालीय. फक्त शेवटचे 4 आकडे दिसणारं मास्क्ड आधार दिलं, अ‍ॅपने नाकारलं. कंपनीला दोन ईमेल केले, दोन्हींना यंत्राचंच उत्तर. सेक्रेटरी म्हणतात, "सगळ्यांनी दिलंय, तुमचंच काय?" (सगळ्यांनी दिलंय, हीच तर भीती!)

2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांना आधार सक्तीने मागता येणार नाही असं म्हटलंय, ते माहीत आहे. पण निकाल वॉचमनला कसा दाखवणार? घरमालकांना वाद नकोय, वकील परवडत नाही.

सभासद नसलेल्या भाडेकरूची तक्रार सहकार खात्याचे उपनिबंधक घेतात का? आणि बायकोने आधीच अपलोड केलेलं आधार कंपनीकडून पुसून घेतलंय का कुणी, कसं?