रूमिनेट: चिंतन, रवंथ की आणखी काही?

मानसशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. 'रूमिनेट' हे क्रियापद सारखं येतंय. कोशात 'चिंतन करणे' मिळालं, पण लेखात तर ही सवय घातक म्हटली आहे. चिंतन घातक कसं?

– मूळ पाहिलं तर उलगडा होईल. लॅटिन 'रूमेन' म्हणजे घसा, आणि गाईगुरांच्या पोटाचा पहिला, सर्वांत मोठा कप्पाही. घाईघाईने गिळलेला चारा तिथे साठतो आणि जनावर निवांत बसलं की तोंडात परत येतो. त्यावरून 'रूमिनारी', म्हणजे रवंथ करणे. एखादी गोष्ट मनात घोळवणे हा अर्थ लॅटिनमध्येच आला होता. इंग्रजीने 16व्या शतकात शब्द उचलला तो या अर्थासकट.

आपला 'रवंथ' संस्कृत 'रोमन्थ'वरून आला. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात शिकार रद्द केल्यावर दुष्यंत म्हणतो, हरणांचे कळप आता सावलीत खुशाल रोमन्थ करोत. रोमन्थ आणि रूमेन एकाच मुळातले असावेत, असं काही भाषाभ्यासकांनी मांडलंय. नुसत्या उच्चारसाम्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही, पण इथे अर्थही जुळतो.

तुमच्या लेखातला अर्थ मात्र अलीकडचा. सुसान नोलेन-होक्सेमा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1991 च्या सुमारास दाखवलं, की खिन्न माणूस काही न करता आपल्या खिन्नतेचाच, तिच्या कारणांचा नि परिणामांचा विचार करत राहिला, तर ती लांबते. त्यालाच त्या 'रूमिनेशन' म्हणत. तेव्हा चिंतन, मनन दोन्ही बाद. 'विचार चघळत बसणे' चालेल.

– 'चघळणे' नको हो. लोक दुसऱ्यांच्या भानगडी चघळतात, तीही चवीने!

– 'चर्वितचर्वण'?

– ते बोलण्यालिहिण्यातलं. शिवाय ज्याला त्रास होतोय त्याला हा शब्द कोण सांगणार? आपल्याकडे 'उगाळणे' आहे ना. जुनं दुःख उगाळत बसणे. रवंथ केलेला चारा शेवटी पचतो तरी. इथे काहीच पचत नाही.

– पटलं, 'चघळणे'चा हट्ट सोडतो. फक्त 'उगाळणे' एकटं ठेवू नका. माणसं चारचौघांतही उगाळतात. 'मनात उगाळत राहणे' असं लिहा.

– 'मनात तेच ते उगाळत राहणे' केलं. वाक्य लांबलं, पण वाचताना अडत नाही.