सिव्हिल इंजिनिअर आणि पायलट, जबाबदारी एकच?

डोंबिवलीकर
काल इथे एकाने लिहिलं, "दोन्हीकडे जीव हातात, दोन्हीकडे चेकलिस्ट. पोराला पायलट होणं जमलं नाही तर सिव्हिलला घाला, सारखंच आहे." डोकं फिरलं वाचून. पायलटला २०० तास उडाल्याशिवाय व्यावसायिक लायसन्स नाही, पुढे मेडिकल आणि सिम्युलेटर चेक सुटत नाहीत. आपल्याकडे बीई झालेलं पोरगं आठवड्यात स्लॅब भरून घेतं!

रनवे०९
असहमत. महापालिकेत नोंदणी नसलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही चालते का? सीएसएमटीचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ला पडला, तेव्हा त्या पुलाची तपासणी केलेल्या ऑडिटरला अटक झाली. अजून कसली जबाबदारी हवी?

डोंबिवलीकर
अटकेने पुढचा पूल वाचत नाही, साहेब. कोझिकोडला ७ ऑगस्ट २०२०ला विमान धावपट्टी ओलांडून कोसळलं, २१ जण गेले, दोन्ही वैमानिक त्यातच. तरी अहवालात वैमानिकाची चूक स्पष्ट लिहिली आणि तो सगळ्यांना वाचायला खुला आहे. पुलांसाठी अशी कायमची स्वतंत्र चौकशी यंत्रणा दाखवा.

साइटवरची
ते राहू द्या, तासांचं बोला. राफ्टचं, म्हणजे इमारतीखालच्या सलग पायाचं, काँक्रीट एकदा सुरू झालं की संपेपर्यंत हलता येत नाही, नाहीतर कोल्ड जॉइंट, म्हणजे जुनं-नवं काँक्रीट नीट जुळत नाही. रात्रभर उभं राहून सकाळी आठला परत हजेरी. पायलटला ड्यूटीचे तास तरी ठरलेले असतात.

वैमानिकाची बायको
ताई, तेही फुकट मिळालेलं नाही. आठवड्याची विश्रांती ३६ची ४८ तास व्हावी म्हणून प्रकरण हायकोर्टात गेलं. पहाटे तीनला गाडी दारात येते, मुलं बापाला झोपलेलाच बघतात.

साइटवरची
आम्हाला सलग रविवारही मिळत नाहीत, आणि कोर्टात जायला संघटना कुठाय आमची?

रनवे०९
विषय भरकटतोय.

साइटवरची
अजिबात नाही, हाच विषय आहे! लँडिंग जमत नसेल तर पायलट गो-अराउंड करतो, म्हणजे न उतरता विमान परत वर घेतो. त्याला जाब विचारायचा नाही, असं धोरण असतं. माझ्या साइटवर कॉलमचे २८ दिवसांचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे, फेल गेले. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "मॅडम, नवे भरू, तारीख जुनी टाकू." मी सही केली नाही. महिन्याभरात दुसऱ्या जिल्ह्यात बदली.

रनवे०९
नोंदणीबद्दल मी मागे हटणार नाही. पण नाही म्हणणाऱ्याला संरक्षण नाही, हे मान्य करावं लागतंय.

डोंबिवलीकर
मग 'सारखंच आहे' म्हणणाऱ्यांनी आधी ते संरक्षण मागावं. ताई, त्या कॉलमचं पुढे काय झालं?

साइटवरची
माझ्यासमोर तरी कॉलममधून कोअर, म्हणजे काँक्रीटचे नमुने, काढून तपासले नव्हते. नंतरचं मला कुणी सांगितलं नाही.