सगळ्यात छोटं यॉर्की पिल्लू, दहा आठवडे, ५२० ग्रॅम. किंमत काय लावू आणि कुणाला देऊ?

चिंगीची_आई (कर्वेनगर)

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, मोठं झालंय पण प्लीज पूर्ण वाचा. आमची चिंगी यॉर्कशायर टेरियर, तीन वर्षांची, नोव्हेंबरमध्ये तिला पहिल्यांदाच पिल्लं झाली, दोन नर आणि एक मादी. नर १२० ग्रॅमच्या आसपास होते आणि ही फक्त ७०, किचनच्या काट्यावर तीनदा ठेवून बघितलं, वाटलं काटाच बिघडलाय. पहिले पंधरा दिवस भाऊ हिला बाजूला ढकलायचे म्हणून मी आणि सासूबाई आळीपाळीने रात्री उठून तिला चिंगीच्या अंगाला लावून धरायचो, वरून पिल्लांची दूध पावडर ड्रॉपरने. संक्रांतीला तिळाएवढी म्हणून नाव पडलं तिळू.

दोन्ही भाऊ नऊ आठवड्यांचे झाल्यावर गेले, ४० हजाराला एक, दोन्ही घरं ओळखीतलीच. तेव्हा ते किलोच्या वर होते. तिळू आज दहा आठवड्यांची आणि ५२० ग्रॅम. खाते, खेळते, चपला ओढते, पण मागच्या आठवड्यात जी थंडी पडली ना त्यात एका पहाटे पाच वाजता बघते तर बास्केटमध्ये अंग गार, मान टाकलेली, हाक मारली तरी डोळे अर्धेच उघडे. बोटाने हिरड्यांना मध चोळला, नवऱ्याच्या स्वेटरमध्ये गुंडाळून छातीशी धरलं आणि गाडी काढली. व्हेटकडे पोचेपर्यंत ती माझं बोट चाटायला लागली होती. साखर उतरली होती म्हणाले. तेव्हापासून दर तीन तासांनी खायला घालतेय, रात्री दोनचा अलार्म लावून.

आता मुद्दा. बाणेरहून एक फोन आला, त्यांना कुठूनतरी फोटो गेला, ते म्हणाले टीकप (म्हणजे कपात मावेल एवढं बारकं) आहे ना, ९० हजार देतो, मुलीच्या सहाव्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय. नवरा म्हणतो दे, चांगलं घर आहे, पैसेही चांगले. सासूबाई म्हणतात पैसेच घेऊ नका, कुणीतरी मायेने सांभाळेल त्याला फुकट द्या. मला दोन्ही पटत नाहीये. घरी ठेवणं जमणार नाही, एप्रिलपासून मला ऑफिसला रोज हिंजवडीला जावं लागणार आहे आणि चिंगीला सासूबाई कशाबशा बघतात. तर अशा पिल्लाची किंमत नेमकी कशी ठरवायची? भावांएवढी, जास्त, कमी की काहीच नाही?

हडपसरचा_दादा

ताई, आधी एक सांगतो, टीकप नावाची यॉर्की नसतेच. कुठल्याही केनेल क्लबच्या (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) स्टँडर्डमध्ये, म्हणजे जात कशी असावी याच्या वर्णनात, तो शब्द नाही. स्टँडर्डमध्ये वरची मर्यादा दिलीय, साधारण ३.२ किलो, आणि त्याच्या आत दोन सव्वादोन किलोची असली तरी ती यॉर्कीच. टीकप, मायक्रो, पॉकेट हे सगळे विकणाऱ्यांनी लावलेले शब्द आहेत. तुमचं पिल्लू बारकं राहिलंय, ते का राहिलंय हे अजून कुणाला माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्याचे डबल पैसे कसे घ्यायचे तुम्हीच सांगा.

दुसरं, रागावू नका पण हे माहीत असलेलं बरं. २०१७ पासून केंद्राचे कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीचे नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही (तुम्ही नऊला दिलीत ते बरं केलंत) आणि ब्रीडिंग करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. घरची एकच वेत असली तरी पैसे घेऊन देताय म्हटल्यावर एकदा चौकशी करून घ्या.

सौदा_सरळ

मी थोडं वेगळं बोलतो. ताईंनी अडीच महिने झोप घालवलीय, व्हेट, औषधं, दूध पावडर, हीटिंग, सगळा खर्च झालाय. समोरचा स्वतःहून ९० म्हणतोय, कुणी फसवत नाहीये. सगळं स्पष्ट सांगा, पिल्लू बारीक आहे, साखर उतरते, लिहून घ्या आणि द्या. जो एवढे पैसे मोजतो तो जपतोच असं माझं मत आहे, फुकटची वस्तू लोक जपत नाहीत.

औंधची_यॉर्कीवाली

सौदा सरळ, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले, कारण मी तो पैसे मोजणारा माणूस आहे. चार वर्षांपूर्वी मी टीकप म्हणूनच एक मादी घेतली, दुप्पट दिले, आता १.४ किलो आहे. जपते का, तर जिवापलीकडे. पण पैसे मोजले म्हणून मला काही कळत नव्हतं हो! पहिल्या महिन्यात ती सोफ्यावरून उडी मारून खाली आली आणि पुढचा पाय मोडला. सोफा! दीड फूट! या जातीच्या पुढच्या पायाची हाडं काडीसारखी असतात हे मला एक्सरे बघितल्यावर कळलं. मग दुधाचे दात पडेनात, खालून पक्के दात आलेले, ते काढायला भूल द्यायची तर एवढ्याशा जिवाला भूल देताना डॉक्टरच्याही कपाळावर घाम. मी दुप्पट दिले होते म्हणून विकणाऱ्याने यातलं काहीही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दुप्पट मिळाले नसते. किंमत वाढली की खरं बोलणं अवघड होतं, एवढंच मला म्हणायचंय.

आणि सहा वर्षांच्या मुलीला सरप्राइज, नको ताई. मुलगी वाईट असते म्हणून नाही. सहा वर्षांचं मूल पिल्लू उचलणार, धावणार, हातातून सुटणार. तुमच्या तिळूला ती एकच उंची पुरेशी आहे.

जनावरांचा_डॉक्टर

मी पुण्यातच प्रॅक्टिस करतो, पिल्लू न बघता निदान करणार नाही, पण किंमत ठरवायच्या आधी काय बघायचं ते सांगतो.

भाऊ दुप्पट मोठे आणि हीच एवढी मागे, यॉर्की जात, त्यामुळे माझ्या डोक्यात पहिला विचार लिव्हर शंटचा येतो. आतड्यांकडून येणारं रक्त लिव्हरमधून गाळून पुढे जायला हवं, शंट असला तर ते एका आडवाटेच्या शिरेतून लिव्हरला टाळून थेट पुढे जातं. लिव्हर वाढत नाही, पिल्लू वाढत नाही, साखरही टिकत नाही. यॉर्कीमध्ये हा जन्मजात दोष इतर जातींपेक्षा जास्त दिसतो. जेवल्यावर, विशेषतः मटण-चिकन खाल्ल्यावर, तासा-दोन तासांत सुस्त होणं, गोल गोल फिरणं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं, लाळ गळणं, यातलं काही दिसतं का नीट बघा, जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा.

लिव्हर नीट काम करतंय का ते बघायची टेस्ट म्हणजे बाइल अ‍ॅसिड, एक रक्त उपाशीपोटी आणि एक खाल्ल्यावर दोन तासांनी. इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो, उपाशीपोटी म्हटलं म्हणून या पिल्लाला घरी रात्रभर उपाशी ठेवू नका, पहाटेचा प्रकार परत होईल. ती थोडी मोठी होऊ द्या, साधारण चार महिन्यांची, आणि किती तास उपाशी ठेवायचं ते तुमच्या व्हेटच्या देखरेखीखालीच ठरू द्या. शिवाय डोक्यावर टाळूच्या जागी बोट फिरवून बघायला सांगा, मऊ खड्डा राहिलाय का. तो बऱ्याच छोट्या जातींत राहतो, प्रत्येक वेळी आजारच असतो असं नाही, पण नव्या मालकाला माहीत हवं. गुडघ्याच्या वाट्या आणि हृदयही तपासून घ्या.

बेशुद्धीत असेल तर मध चोळायचा तो फक्त हिरड्यांवर, तोंडात ओतायचा नाही, श्वासात जातो. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत.

रिपोर्ट हातात येईपर्यंत कुणालाही देऊ नका. नॉर्मल आला तर किमतीचा प्रश्न सोपा, शंट निघाला तर तो किमतीचा प्रश्नच राहत नाही, ऑपरेशनचा होतो.

पर्वतीची_काकू

स्नेहाने सांगते गं, फुकट देऊ नकोस. मी वीस वर्षं कुत्री दत्तक द्यायचं काम करतेय. यॉर्की फुकट असं कळलं की फोनची रांग लागते आणि त्यातले काही घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पुढे विकतात. मी काय करते ते सांगते. झालेला खर्च घ्यायचा, नफा घ्यायचा नाही. लसी, तपासण्या, बाइल अ‍ॅसिड, दूध पावडर सगळ्याची बिलं समोर ठेवायची आणि तेवढीच रक्कम. जो बिलं बघून खुर्चीत चुळबूळ करतो त्याला चहा पाजून पाठवून द्यायचं, त्याला पुढचा खर्च झेपणार नाही.

आणि कागद करायचा, साधाच, पण दोघांच्या सह्या हव्यात. त्यात लिही की हिला कधीही वेतासाठी वापरायचं नाही, कारण एवढ्याशा मादीचं बाळंतपण तिच्या जिवावर बेतू शकतं. योग्य वयाला आणि वजनाला डॉक्टर म्हणेल तेव्हा नसबंदी करायची. जमलं नाही तर तिला तुझ्याकडेच परत आणायचं, रस्त्यातल्या तिसऱ्याकडे द्यायचं नाही. तीन महिन्यांनंतरची रेबीजची लस झाली की महापालिकेचं लायसन्स नव्या मालकाच्या नावाने. हे चार मुद्दे पुरे. घरी जाऊन बघून ये मात्र, गॅलरीचे गज बघ, या बोटभर पिल्लाला गजातून जायला काही लागत नाही.

सौदा_सरळ

डॉक्टरांचं वाचलं. मला शंट वगैरे माहीत नव्हतं. टेस्टशिवाय ९० घेणं चूक होईल, माझं मत मागे घेतो. बाणेरवाल्यांना हे सगळं सांगितलं तर तेही कदाचित थांबतील.

चिंगीची_आई (कर्वेनगर)

सगळ्यांचे खूप खूप आभार, रात्री दोनच्या अलार्मला उठून सगळं वाचलं, नवऱ्यालाही उठवून वाचायला लावलं. तो डॉक्टरांच्या लिव्हरच्या उत्तरावर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला बाणेरला मीच फोन करतो. केला. त्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाला मुलगी लहान आहे, एवढं नाही जमणार, बरं झालं सांगितलंत. मला उगीच त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं, माणसं चांगली निघाली.

चिकन घातल्यावर दोन दिवस नीट लक्ष ठेवलं, गोल फिरणं वगैरे काही दिसलं नाही, झोपते मात्र खूप. व्हेटने टाळू बघितली, छोटासा मऊ भाग आहे, गुडघे ठीक. टेस्ट चार महिन्यांची झाल्यावर, सकाळी त्यांच्याकडेच दाखल करून. तोपर्यंत ती आमच्याकडेच. बिलांची बेरीज आत्ताच ११ हजारांच्या घरात गेलीय, टेस्ट आणि पुढच्या लसी धरून जी होईल तेवढीच घेणार.

काल एक काका-काकू बघायला आले होते, दोघं रिटायर्ड, सहकारनगरचे. काकू दीड तास जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि तिळू त्यांच्या पदरात झोपली. मला तिथल्या तिथे हो म्हणावंसं वाटलं, पण त्यांच्याकडे दोन वर्षांचा लॅब्राडोर आहे, नुसत्या प्रेमाने पंजा टाकला तरी हिचं काय होईल. त्यांनाही ते पटलं, काकूंचे डोळे भरून आले. त्यांच्या बहिणीकडे कुत्रं नाही, त्या मार्चमध्ये येऊन बघणार आहेत.

एकच विचारायचं राहिलं. यॉर्कीचा घसा नाजूक असतो म्हणून गळ्यातला पट्टा नको, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या असं व्हेटने सांगितलं. सगळ्यात छोटा आणला तरी पुढचे दोन्ही पाय त्यातून बाहेर येतात. कुणी मापाने शिवून देतं का?

औंधची_यॉर्कीवाली

माझ्या लेकीचा पहिला हार्नेस माझ्या आईने बाळाच्या जुन्या झबल्याचा शिवला होता, पोटाखाली वेल्क्रो लावून. तिळूच्या छातीचा घेर आणि मानेपासून शेपटीपर्यंतची लांबी टेपने मोजून मला मेसेज करा, टेप ओढून घट्ट धरू नका, एक बोट आत जायला हवं. रविवारी कर्वेनगरला येतेच आहे, घेऊन येते.