मदत हवी आहे: एएमएचचे दोन वेगळे रिपोर्ट, स्त्रीबीजांचा अंदाज कशावरून बांधावा?

नमस्कार. माझे वय 36 असून आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. पुढच्या पाळीपासून आमची पहिली आयव्हीएफ सायकल सुरू व्हायची आहे.

मार्चमध्ये ठाण्यातल्या एका लॅबमध्ये माझे एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे, रक्तात मोजले जाणारे हॉर्मोन) 0.8 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. त्या वेळी पाळी नियमित व्हावी म्हणून मी तीन महिने हॉर्मोनच्या गोळ्या घेत होते. गोळ्या थांबवल्यानंतर जुलैमध्ये वाशीच्या दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिले, तेव्हा तेच 1.4 आले. पाळीच्या दुसऱ्या दिवशी एफएसएच (फॉलिकल वाढवणारे हॉर्मोन) 9.2 होते, एस्ट्राडायॉल (अंडाशयात तयार होणारे हॉर्मोन) वाढलेले असले तर एफएसएच खोटे कमी दिसते, म्हणून तेही सोबत तपासले आणि ते 45 म्हणजे ठीक होते. त्याच दिवशीच्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून 8 लहान फॉलिकल (ज्यांत स्त्रीबीज वाढते त्या लहान पिशव्या) दिसले.

एएमएच या लहान फॉलिकलमधल्या पेशींतूनच तयार होते, त्यामुळे इंजेक्शनांना किती फॉलिकल प्रतिसाद देतील याचा अंदाज त्यावरून बांधता येतो, हे मला समजते. अशा गोळ्या चालू असताना हा आकडा खाली येऊ शकतो आणि लॅबच्या किटप्रमाणेही तो बदलतो. माझी अडचण अशी की 2016 च्या पोसायडन निकषांत (आयव्हीएफच्या इंजेक्शनांना कमी प्रतिसाद देणाऱ्या स्त्रियांचे गट ठरवणारे निकष) स्त्रीबीजांचा साठा कमी मानण्याची मर्यादा 1.2 आहे आणि माझा एक रिपोर्ट तिच्या खाली, तर दुसरा वर आहे. डॉक्टरांनी मात्र मार्चचाच आकडा धरून तीन-चार स्त्रीबीजे मिळतील असे सांगितले आणि दोन सायकलींची तयारी ठेवायला सुचवले. गोळ्यांचा विषय मी काढला, पण त्यावर बोलणेच झाले नाही. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी रडत होते.

ज्यांचे एग पिकअप (अंडाशयातून स्त्रीबीजे काढणे) झाले आहे त्यांनी कृपया आपले वय, एएमएच, सोनोग्राफीतले फॉलिकल आणि प्रत्यक्षात मिळालेली स्त्रीबीजे कळवावीत. त्यांतली परिपक्व किती होती हेही लिहावे, कारण पुढे उपयोग त्यांचाच होतो. स्त्रीबीजांची गुणवत्ता एएमएचवरून नव्हे, तर मुख्यतः वयावरून ठरते हे मला माहीत आहे, म्हणून माझा प्रश्न फक्त संख्येचा आहे. इंजेक्शनचा डोस ठरण्याआधी वाशीच्याच लॅबमध्ये पुन्हा एएमएच करून घ्यावे, की 8 फॉलिकलचा आकडा पुरेसा धरून डॉक्टरांशी पुन्हा बोलावे?